टोकियोत केस कापायचेत? अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी हे वाचा

दर महिन्याला आमच्या टोकियोतल्या निशी-कासाईच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकतरी फोटो येतोच. पाठमोरा, बाथरूमच्या आरशातून काढलेला, केसांची टोकं उंदराने कुरतडल्यासारखी, आणि खाली मेसेज, "मी फक्त ट्रिम सांगितलं होतं गं". मग रडक्या इमोजींची रांग, मग कोणीतरी "ह्यांना आपले केस जमतच नाहीत" असं म्हणतं आणि विषय मिटतो, पुढच्या फोटोपर्यंत.

असे दोन फोटो माझेही आहेत, त्यामुळे हसत नाहीये. पण इथे आठ वर्षं काढल्यावर एक कळलंय, की हात इथल्या स्टायलिस्टचा चांगलाच असतो, आपण बोलतो चुकीच्या वेळी. पुण्यात आपण खुर्चीत बसून शेवटपर्यंत "अजून थोडं, नको नको तिथे नको, हां बस" चालू ठेवतो आणि पार्लरवाली ताईपण त्याच हिशोबाने थोडं थोडं कापत जाते. इथे सगळं पहिल्या दहा मिनिटांत ठरतं. एकदा ठरलं आणि नंतर तुम्ही गप्प बसलात, की स्टायलिस्ट समजते सगळं मनासारखं चाललंय. म्हणून खालचे टप्पे ह्याच क्रमाने करा, निम्मे घोटाळे क्रम चुकल्यामुळेच होतात.

## १. आधी दुकान कुठलं ते ठरवा

केस कापणारी दुकानं सगळ्या जपानात अडीच लाखांहून जास्त आहेत (कोन्बिनी, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरची रोजच्या वस्तूंची छोटी दुकानं, सगळी मिळून साठ हजारसुद्धा भरत नाहीत), त्यामुळे दुकान मिळत नाही हा प्रश्नच नाही, चुकीच्या प्रकारच्या दुकानात शिरतो हा प्रश्न आहे. प्रकार तीन.

दहा मिनिटांवाली. क्यूबी हाऊस सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बुकिंग नाही, मशीनमधून तिकीट काढा, साधारण १,४०० येन, केस धुणं नाही, शेवटी व्हॅक्यूमच्या नळीने डोक्यावरचे बारीक केस ओढून घेतात. पुरुषांचा रोजचा कट, शाळेतली मुलं, सरळ केसांची नुसती टोकं, एवढ्यासाठी झकास. लेयर, फ्लिक्स, कुरळे केस असलं काही असेल तर तिथे जाऊन त्या माणसाला दहा मिनिटांत कोंडीत पकडू नका.

तोकोया. म्हणजे आपलं न्हाव्याचं दुकान, बाहेर लाल-निळा-पांढरा खांब फिरत असतो. वस्तऱ्याने दाढी करून हवी असेल तर इथेच. हे आवडीनिवडीचं नाही, लायसन्सचं आहे. तोकोयावाल्याचं लायसन्स वेगळं आणि ब्युटी सलोनवाल्याचं वेगळं, आणि चेहऱ्यावर रीतसर वस्तरा चालवायची परवानगी पहिल्यालाच. माझा नवरा पहिल्या वर्षी एका चकाचक सलोनमध्ये "शेव्ह पण" म्हणून हनुवटीवर हात फिरवत बसला होता आणि समोरचा मुलगा वाकून वाकून माफी मागत होता.

बियोशित्सु. हे आपण ज्याला सलोन म्हणतो ते. धुणं, कट, कलर, स्ट्रेटनिंग सगळं. पुरुषही बिनधास्त जातात. नुसता कट साध्या एरियात ४ ते ६ हजार येन, ओमोतेसांदो-आओयामासारख्या महागड्या भागात गेलात की ८ हजार आणि वर.

बियोशित्सुला बियोइन असंही म्हणतात, आणि ब्योइन म्हणजे हॉस्पिटल. रस्त्यात कोणाला विचारणार असाल तर "हेअर सलोन" म्हणा, नाहीतर तो बिचारा काळजीने तुम्हाला दवाखान्यात पोचवून येईल.

तपासा: टोकियोत बियोशित्सु बरीचशी मंगळवारी बंद, तोकोया सोमवारी. डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे आणि जानेवारीतला दुसरा सोमवार, म्हणजे वीस वर्षांच्या मुलामुलींचा सेइजिन नो हि, ह्या वेळी फार गर्दी असते, सेइजिनच्या दिवशी तर पहाटेपासून किमोनोवाल्या मुलींची. तेव्हा जाऊच नका.

## २. आठवडाभर आधीची तयारी

हा टप्पा सगळे गाळतात, म्हणून इथे जरा थांबते.

मेंदी. मागच्या काही वर्षांत (केस लांब असतील तर पाच-सहा) केसांना मेंदी, इंडिगो किंवा "काळी मेंदी" लावली असेल तर ते लिहून ठेवा, साधारण कुठल्या महिन्यात लावली त्याच्यासकट. "पण ती तर कधीच गेली" असं वाटतं, गेलेली नसते. केस महिन्याला साधारण एक सेंटी वाढतात, म्हणजे कमरेपर्यंत केस असतील तर टोकाशी पाच-सहा वर्षांपूर्वीची मेंदी अजून बसलेलीच आहे. त्या भागावर कलर वेगळा चढतो, स्ट्रेटनिंगचं औषध एकसारखं काम करत नाही. इंडिगोवर ब्लीच मारलं तर हिरवट छटा येऊ शकते, आणि पावडरीत धातूचे क्षार असतील तर ब्लीचबरोबर केस अक्षरशः गरम होऊन तुटू शकतात. त्यामुळे मेंदी म्हटल्यावर काही सलोन सरळ नाही म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका, न सांगता केलं तर नुकसान आपलंच.

आणि काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, इथल्या पर्मनंट कलरमध्येही बहुतेक वेळा तेच किंवा त्याच्याच जातीचं असतं. पूर्वी कधी काळ्या मेंदीने टाळू खाजली असेल, कानामागे पुरळ आलं असेल, तर कलरचा विचार सोडा आणि आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. खाज आली नसेल तरी कलरच्या ४८ तास आधी पॅच टेस्ट करायची असते, बुकिंग करतानाच विचारा की आधी येऊन करता येईल का.

तेल. आदल्या रात्री चंपी करून जाऊ नका. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने "परक्या माणसाकडे कोरडे केस घेऊन कसं जायचं" म्हणून पॅराशूट चोपडून ठेवलं होतं. सलोनमधल्या मुलीने तीनदा शॅम्पू केला, एक शब्द बोलली नाही, पण तीस मिनिटं त्यातच गेली आणि मग कट घाईघाईत. दोन दिवस आधी साधं धुऊन ठेवा, बास.

फोटो. तीन लागतात, एक नाही.
- हवा तसा कट, समोरून.
- तोच कट बाजूने किंवा मागून.
- नको असलेला कट. हा सगळ्यात कामाचा. माझ्या फोनमध्ये माझाच तो कुरतडलेला फोटो आहे, तो दाखवला की भाषा लागतच नाही.

आणि फोटोतल्या बाईचे केस तुमच्यासारखे असू द्या. आपण कोरियन नटीचा फोटो नेतो, तिचे केस सरळ आणि जाड, आपले बारीक आणि वळणाचे. स्टायलिस्ट हुबेहूब तोच कट करते आणि घरी आल्यावर धुतला की त्याचं भलतंच काहीतरी होतं. स्वतःचाच जुना, चांगल्या दिवसाचा फोटो असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

## ३. बुकिंग

बहुतेक जण हॉट पेपर ब्युटी ॲपवरूनच करतात. जपानी येत नसेल तरी स्क्रीनवर भाषांतर लावून जमतं, फक्त चार ठिकाणी गडबड होते.

कूपनवर काय लिहिलंय ते बघा. शिन्की म्हणजे पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी, साइराइ म्हणजे परत येणाऱ्यांसाठी, झेन्इन म्हणजे सगळ्यांसाठी. शिन्कीचा स्वस्त भाव बघून दुसऱ्यांदा तेच कूपन लावलंत तर काउंटरवर पूर्ण भाव लागतो, आणि त्यांचं बरोबर असतं.

लाँगचे वेगळे पैसे. आपल्या बायका नेमक्या इथेच फसतात. कलर, पर्म, स्ट्रेटनिंगला खांद्याखाली केस असतील तर वर पैसे लागतात, पाचशेपासून तीन हजार येनपर्यंत, कधी जास्तही. बारीक अक्षरात "रोन्गु र्योकिन" असं काहीतरी लिहिलेलं असतं. कमरेपर्यंत वेणी असेल तर मेसेजच्या चौकटीत लांबी सांगून एकूण किती होतील ते विचारून घ्या.

शिमेइ. म्हणजे ठराविक स्टायलिस्ट मागणं. कुठे फुकट, कुठे पाचशे-हजार येन जास्त. पहिल्या वेळी हे पैसे टाकाच. प्रत्येक स्टायलिस्टच्या पानावर तिने कापलेल्या केसांचे फोटो असतात, त्यात वळणाचे केस, जपानीत कुसेगे, दिसतायत का बघा. नुसत्या सरळ बॉब कटचेच फोटो असतील तर पुढे चला.

नाव. काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, मागतात. एकदा काय लिहायचं ते ठरवा आणि दर वेळी तेच लिहा. आमच्यातली एक कुलकर्णी तीन दुकानांत तीन वेगवेगळ्या तऱ्हेने नोंदलेली आहे आणि फोन आला की तिला स्वतःलाच कळत नाही कोणाला हाक मारतायत.

मेसेजच्या चौकटीत निदान एवढं टाका: जपानी थोडंच येतं, केस वळणाचे आहेत, मेंदी लावलेली आहे ("हेना ओ शितेइमास"), लांबी इथपर्यंत. हे त्यांनी आधी वाचलेलं असलं की टप्पा ५ अर्धा झालेला असतो.

सावध: रद्द करायची ऑनलाइन मुदत दुकानागणिक वेगळी असते, ती गेली की फोनच करावा लागतो. आणि न कळवता न जाणं हे इथे फारच वाईट दिसतं, पुढच्या वेळी बुकिंग घेतीलच असं नाही.

## ४. त्या दिवशी

कॉलरवाला, हुडवाला, गळाबंद असलं काही घालू नका, मानेला टॉवेल गुंडाळतात तेव्हा सगळं चुरगळतं आणि मागची लांबीही नीट दिसत नाही. केस रोज जसे ठेवता तसे मोकळे ठेवून जा. ट्रेनमध्ये गरम होतं म्हणून अंबाडा घालून गेलात तर रबराचा बाक पडतो आणि स्टायलिस्टला तुमच्या केसांचं खरं वळण दिसतच नाही.

पाच मिनिटं आधी पोचा. उशीर होत असेल तर ट्रेनमधून उतरल्या उतरल्या फोन करा, "जुप्पुन ओकुरेमास", दहा मिनिटं उशीर होतोय. पंधरा मिनिटांच्या वर गेलं तर पुढच्या गिऱ्हाइकासाठी तुमच्या कामातला काहीतरी भाग गाळतात किंवा दुसरा दिवस घ्यायला सांगतात. आपल्याकडचं "आलेच, कोपऱ्यावर आहे" इथे चालत नाही हो.

आत गेल्यावर कोट, बॅग घेऊन लॉकरमध्ये ठेवतात. फोन तेवढा हातात ठेवा, फोटो त्यातच आहेत.

## ५. काउन्सेलिंग, म्हणजे सगळं इथेच

आधी एक कागद किंवा टॅबलेट देतात. त्यात नाव, ॲलर्जी, मागचा कलर-पर्म कधी, टाळूचा काही त्रास, आणि बऱ्याच ठिकाणी "गप्पा मारायला आवडतात की शांत राहायला" असाही एक प्रश्न. (मी शांतवर खूण करते. माझ्या जपानीत हवामानाच्या पुढे जाता येत नाही.) मग स्टायलिस्ट येते, शेजारी गुडघ्यावर किंवा छोट्या स्टुलावर बसते आणि विचारते.

इथे बोलायचा क्रम असा ठेवा.

पहिलं, इतिहास. मेंदी, रिबॉन्डिंग, कलर. भारतात लग्नाच्या वेळी केलेलं रिबॉन्डिंगपण.

दुसरं, नको काय. नको असलेला फोटो. आणि हे एक वाक्य पाठच करा: "सुकानाइदे कुदासाई", केस पातळ करू नका. इथे दातेरी कात्रीने आतून केस विरळ करायची फार सवय आहे, कारण जपानी केस जाड आणि भरगच्च, ते हलके केल्याशिवाय नीट बसत नाहीत. आपल्यातल्या बऱ्याच जणींचा एकेक केस बारीक आणि वर वळण, त्यावर तीच कात्री चालली की आतले छोटे केस स्प्रिंगसारखे वर येतात आणि टोकांना शेपटी उरते. ग्रुपवरच्या फोटोंपैकी दहातले आठ ह्याच एका कात्रीचे. केस खरंच फार दाट असतील तर थोडं चालेल, पण मग "सुकोशि दाके" म्हणा आणि टोकांकडे नको हे हाताने दाखवा.

तिसरं, लांबी. इंच विसरा, इथे सेंटीमीटर. आणि "थोडंसं" हा शब्द तर कुठल्याच भाषेत वापरू नका. आकडा सांगा, "सान-सेंची", आणि त्याच वेळी स्वतःच्या केसांवर बोट ठेवून दाखवा की कापून झाल्यावर केस इथपर्यंत यायला हवेत. दोन्ही करा, कारण नुसतं बोटांमध्ये अंतर दाखवलं की कधीकधी "एवढे कापा" आणि "एवढे ठेवा" ह्यात घोळ होतो. ऑफिसला केस बांधून जात असाल तर सगळ्यात उपयोगी शब्द आहे "मुसुबेरु नागासा", बांधता येतील इतकी लांबी. हे सांगितलं की त्याच्या वर कात्री जात नाही.

केस वळणाचे असतील तर ओले ताणून तीन सेंटी कापले की वाळल्यावर पाच गेल्यासारखे दिसतात. म्हणून तीन हवे असतील तर दोन सांगा. कमी झालं तर अजून कापता येतं, हे काय वेगळं सांगायला नको.

चौथं, फ्लिक्स. पुढच्या केसांना माएगामि म्हणतात. भुवईच्या वर का खाली एवढंच ठरवा, "मायु शिता" म्हणजे भुवईखाली. काही करायचंच नसेल तर "माएगामि वा कोनो मामा दे", आहे तसं राहू दे.

आपली यू कट, स्टेप कट ही नावं इथे चालत नाहीत. "लेयर" कळतं, पण तिच्या डोळ्यासमोरचा लेयर आणि तुमचा लेयर एकच असेल ह्याची खात्री फोटोच देतो.

पुरुषांनी हे वाचा. मशीनचा आकडा इथे मिलिमीटरमध्ये असतो. आपल्याकडे "दोन नंबर मार" म्हटलं की साधारण सहा मिलिमीटर केस राहतात. इथे "दोन" म्हटलं की दोन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ गोटाच. नवऱ्याने एका तोकोयात हे केलं, पहिला पट्टा कानावरून वर गेला आणि मग थांबवून काय उपयोग, सगळं डोकं त्याच मापात आणावं लागलं. महिनाभर ऑफिसात सगळे "काही झालंय का" म्हणून हळू आवाजात विचारत होते. कडेला सहा किंवा नऊ, म्हणजे "रोकु मिरि" किंवा "क्यू मिरि", इथून सुरुवात करा.

आता नकार ओळखा. स्टायलिस्ट मान कलती करून, दातांतून हवा ओढून "चोत्तो मुझुकाशिइ" म्हणाली, म्हणजे "जरा अवघड आहे", तर त्याचा अर्थ अवघड नाही, त्याचा अर्थ नाही होणार. इथे "प्लीज ट्राय" करत मागे लागू नका. "मग काय जमेल?" विचारा.

थांबा, तपासा: उठून केस धुवायला जायच्या आधी एकूण पैसे किती आणि वेळ किती हे विचारलंय का? "झेम्बु दे इकुरा देस का." काही जादा ट्रीटमेंट सुचवली असेल तर तीही धरून. हे विचारणं अजिबात वावगं नाही, उलट त्यांना सोपं जातं.

## ६. शॅम्पू

इथे तुम्हाला काही करायचं नाही, हेच जमत नाही आपल्याला. खुर्ची मागे पूर्ण आडवी होते, तोंडावर पातळ जाळीचं कापड किंवा कागद ठेवतात म्हणजे पाणी उडायला नको. मान स्वतः उचलून धरू नका, पूर्ण सोडून द्या, नाहीतर त्या मुलीच्या मनगटाची वाट लागते आणि तुमची मानपण दुखते.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी टिकली लावून गेले होते. धुणं झालं, कापड उचललं आणि त्या मुलीला कापडावर एक लाल ठिपका दिसला. ती घाबरलीच, तिला वाटलं मला कुठेतरी लागलंय. मी उठून बसते, कपाळ दाखवते, टिकली सोलून परत लावून दाखवते, ती माफी मागतेय, मी माफी मागतेय. तर टिकली आधी काढून पाकिटात ठेवा. कानातले पण. मंगळसूत्र कटला चालतं, कलर किंवा स्ट्रेटनिंग असेल तर काढा.

दोन प्रश्न येतात. पाणी फार गरम आहे का, आणि "कायुइ तोकोरो वा अरिमासेन का", कुठे खाजतंय का? दुसऱ्यावर सगळे गोंधळतात. कोणी "हो, डाव्या कानामागे" असं सांगत नाही, "दाइजोबु देस" म्हणायचं आणि संपलं. पाणी मात्र खरंच गरम असेल तर सांगा, तिथे लाजू नका. नंतर पाच मिनिटं मानेला-खांद्याला मसाज मिळतो बऱ्याच ठिकाणी. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

धुणारी मुलगी आणि कापणारी स्टायलिस्ट बहुतेक वेळा वेगळ्या असतात. असिस्टंटला लांबीबद्दल काही सांगत बसू नका, ते पुढे पोचेलच असं नाही.

## ७. कात्री चालू झाल्यावर

आता तो शब्द. "दाइजोबु." ह्याचा अर्थ "ठीक आहे" पण होतो आणि "नको" पण होतो. "कॉफी घेणार?" "दाइजोबु देस", म्हणजे नको. "लांबी बरी आहे?" "दाइजोबु देस", म्हणजे बरी आहे. मग मधेच ती विचारते "मागून अजून थोडं हलकं करू का?", तुम्ही मनात "नको बाई" म्हणत दाइजोबु म्हणता, चेहऱ्यावर हसू आणि मान मात्र होकारासारखी हलतेय. तिने काय समजायचं? माझा दुसरा कुरतडलेला फोटो ह्याच एका शब्दाचा आहे.

म्हणून कात्री चालू असताना हा शब्दच वापरू नका. हवं असेल तर "हाइ, ओनेगाई शिमास". नको असेल तर "कोनो मामा दे", असंच राहू दे. आणि आपली ती डावी-उजवीकडे डुलणारी मान, ती घट्ट धरून ठेवा, शिवाय कानाजवळ कात्री असते.

पहिली बट कापली की ती खाली पडलेली बघा. ठरल्यापेक्षा लांब वाटली तर त्याच क्षणी "चोत्तो मात्ते कुदासाई", जरा थांबा. एका बटेवर थांबवलं तर सगळं वाचतं. दहा मिनिटांनी थांबवलं तर बाकीचे त्या बटेशी जुळवण्यासाठी कापावेच लागतात.

## ८. स्ट्रेटनिंग आणि कलरवाल्यांसाठी जादा

जपानी स्ट्रेटनिंग म्हणजे शुकुमो क्योसेइ. पहिल्या औषधाने केसातले बंध सोडवतात, धुऊन वाळवतात, बारीक बारीक बटा घेऊन गरम इस्त्री फिरवतात, मग दुसऱ्या औषधाने तो सरळपणा पक्का करतात. तीन ते चार तास लागतात, पोटभर खाऊन जा. टोकियोत १५ ते ३० हजार येन, लांब केसांचे वर.

- ते फक्त केलेल्या केसांवर टिकतं, नवे केस मुळाचं वळण घेऊनच येतात. चार-सहा महिन्यांनी फक्त मुळाकडचा भाग करायचा. दर वेळी पूर्ण केस करून घ्याल तर टोकं जळणार.
- "स्ट्रेट पर्म" वेगळं असतं, सौम्य, इस्त्रीशिवायचं बऱ्याचदा. स्वस्त दिसलं म्हणून ते बुक करू नका, आपल्या वळणाला ते फारसं पुरत नाही.
- ब्लीच केलेल्या केसांवर बहुतेक जण करून देत नाहीत.
- त्या दिवशी धुणं, रबर, क्लिप, कानामागे खोचणं सगळं बंद. बाहेर पाऊस असेल तर छत्री न्या, जूनमध्ये तर न्याच.

कलरमध्ये पांढरे केस झाकायचे असतील तर "शिरागाझोमे" म्हणा. नुसतं "कलर" म्हटलं तर फॅशनचा कलर करतात, तो पांढऱ्यांवर नीट चढत नाही, आणि मग आपण पैसे देऊन कानापाशी तसेच चमकत घरी येतो. रंगाचा आकडा विचारतात, सहा-सात म्हणजे ऑफिसला चालणारा गडद ब्राऊन, दहाच्या पुढे गेलात की लांबूनच दिसतं.

## ९. मागचा आरसा आणि पैसे

शेवटी केस सेट करून मागे दुपदरी आरसा धरतात आणि "इकागा देस का" विचारतात. आपण संकोचाने अर्ध्या सेकंदात "किरेइ, किरेइ" म्हणतो आणि उठतो. असं नको. आरसा धरलेला असताना डोकं दोन्हीकडे वळवा, केसात बोटं घाला, दोन्ही बाजूंची टोकं पुढे ओढून लांबी जुळवा. हे तुमचे तीस सेकंद आहेत, ती मुलगी त्यासाठीच आरसा धरून उभी आहे. अजून थोडं कापायचं असेल तर "मो सुकोशि मिजिकाकु". ह्या वेळी सांगितलेलं कोणालाच रागाचं वाटत नाही.

वॅक्स, तेल, इस्त्रीचं वळण ह्यामुळे तेव्हा सगळं छानच दिसतं, हेही ध्यानात ठेवा. "उद्या घरी धुतल्यावर असंच राहील का?" हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, बहुतेक स्टायलिस्ट खरं उत्तर देतात.

टिप द्यायची नाही. नोटा ठेवून निघालात तर मागे धावत येऊन परत देतात, मी पाहिलंय. भाव टॅक्ससकट लिहिलेला असतो, पण छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, दहा हजार रोख जवळ असू द्या.

## १०. तरी बिघडलंच तर

ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी सलोनला फोन करा. बहुतेक ठिकाणी आठवडा ते दहा दिवस फुकट दुरुस्ती असते, तिला ओनाओशि म्हणतात. त्यांच्या पानावर मुदत लिहिलेली असते. लोक हा फोन करतच नाहीत, पैसे पाण्यात म्हणून सोडून देतात आणि वर दुसरीकडे जाऊन कापून घेतात. दुसरीकडे हात लावला की पहिलं दुकान दुरुस्ती करत नाही, हे साहजिकच आहे.

फोनवर भांडू नका, गरजही नसते. नाव, कुठल्या तारखेला आले होते, आणि "ओनाओशि ओ ओनेगाई शितै न देस गा" एवढं म्हणा. तिकडून माफीचा धबधबा सुरू होतो, तो संपू द्या, मग वेळ मिळते. जाताना तेच तीन फोटो न्या. केस धुऊन स्वतः वाळवून जा, म्हणजे घरी काय होतं ते तिला दिसेल. लांबी परत येणार नाही, पण कुरतडलेली टोकं सारखी करणं, फ्लिक्सचा तिरपेपणा काढणं, पांढऱ्यांवर परत कलर चढवणं, एवढं होतंच. स्ट्रेटनिंग परत करायचं असेल तर ते लगेच करायचं का थांबायचं हे त्यांच्यावर सोडा, दोनदा औषध लागोपाठ बसलं तर केस तुटतात.

आणि माणूस जमला की बदलू नका. तुमच्या नावाचं एक कार्ड तिथे असतं, डॉक्टरकडे असतं तसं, नावही तेच, कारुते. काय केलं, काय सांगितलं सगळं त्यावर लिहितात. माझ्या सध्याच्या स्टायलिस्टने एकदा ते काउंटरवर उघडं ठेवलं होतं म्हणून दिसलं. वर लाल पेनाने "पातळ करायचे नाहीत" आणि दोन रेघा, खाली मेंदीची तारीख, आणि सगळ्यात शेवटी, काताकानात, "टिकली: शॅम्पूच्या आधी विचारणे".